दुपारी चारचा आकडा

काटा थांबला आहे की हलतो आहे, हे त्याला दिसले नाही. खिळे, स्क्रू आणि कडीकोयंड्यांच्या त्या अरुंद दुकानात तो फळीवर ओणवा झाला होता. तराजूच्या डाव्या पारड्यात त्याने आपल्या पेटीतले पाचशे ग्रॅमचे प्रमाण वजन मऊ कातड्याने उचलून ठेवले होते, उजव्यात दुकानदाराचे काळवंडलेले वजन होते, आणि दोहोंच्या मधोमध, जिथे एका बारीक रेघेसमोर एक बारीक पितळी काटा उभा राहायला हवा, तिथे त्याला दोन काटे दिसत होते. दोन्ही लोकर लागल्यासारखे, दोन्ही सारखेच अविश्वसनीय. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आता तीन झाले.

“काय साहेब,” दुकानदार म्हणाला, “आज आमच्या काट्याशी नजरानजर फार वेळ चाललीय. खोट निघाली की प्रेम जडलं?”

“उजेड कमी आहे.”

“उजेड होता तेवढाच आहे. दिवा तुमच्याच वयाचा असेल, पण चालतोय.” मग तो स्वतः पुढे झुकला, क्षणभर पाहिले आणि सहज म्हणाला, “मध्यावर आहे. अगदी रेघेवर. मारा शिक्का.”

आणि त्याने शिक्का मारला.

रस्त्यावर येऊन पन्नास-साठ पावले चालल्यावर आपण नेमके काय केले ते त्याच्या ध्यानात आले. वजनमापे निरीक्षकाच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने न पाहिलेल्या तराजूवर कधी शिक्का मारला नव्हता. कचेरीत त्याला काटेसाहेब म्हणत, आणि सगळेच काही कौतुकाने म्हणत नसत. सख्ख्या मामाच्या कोळशाच्या वखारीतला तराजू त्याने चाळीस ग्रॅमच्या फरकासाठी मोहोरबंद केला होता, आणि मामा त्यानंतर जी अकरा वर्षे जगला त्या अकरा वर्षांत भाच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आजचा दुकानदार खोटे बोलला असे त्याला वाटत नव्हते. काटा बहुधा मध्यावरच होता. परंतु ‘बहुधा’ ह्या शब्दासाठी सरकार पगार देत नाही, असे तो नव्या उमेदवारांना शिकवत आला होता; ‘बहुधा’ ज्याच्या तोंडी आला त्याने तराजू वापरावा, तपासू नये, हे वाक्य तर त्याच्या नावावरच जमा होते. तोंडाला कोरड पडली होती. सकाळपासूनची पाण्याची तिसरी बाटली संपली होती, दोन दुकानांच्या मधल्या वाटेत तीनदा मुतारी शोधावी लागली होती, दोन दिवसांपासून संध्याकाळी अंगात तापाची कसर भरत होती, आणि ह्या सगळ्याचा त्या लोकर लागलेल्या काट्याशी काय संबंध आहे हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असणे वेगळे आणि कबूल असणे वेगळे. ह्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो गेले तीन महिने राहत होता.

बसथांब्याच्या बाकावर त्याने वजनांची पेटी मांडीवर घेतली आणि उघडली. झाकणाच्या आतल्या कप्प्यात, चिमटा आणि कातडे ह्यांच्या शेजारी, साखर मोजण्याचे लहानसे यंत्र आणि एक निळी वही होती. चारला पाच मिनिटे कमी होती. दुपारी चार ही वेळ डॉक्टरीणबाईंनी नेमून दिली होती, आणि ती विनाकारण नव्हती. सकाळी उपाशीपोटी त्याचे रक्त अगदी साळसूद असे. इस्पितळाच्या नळीत ते शंभराच्या आसपास निमूट बसून राही. पण सकाळी घेतलेली स्टेरॉइडची गोळी दुपारपर्यंत अंगात भिनली की साखर चढू लागे आणि चारच्या सुमारास माथ्यावर पोचे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एक तपासणी असते तिच्यावर बाईंचा भरवसा नव्हता. त्याच्या अंगात रक्तच कमी, त्यामुळे ती तपासणी त्याच्या बाबतीत खोटे बोलते, असे त्यांचे म्हणणे. तात्पर्य, इस्पितळाला जे कधीच दिसत नसे ते केवळ ह्या यंत्राला आणि ह्या वहीला दिसे. “तुमची वही म्हणजे माझे दुपारचे डोळे,” असे बाई म्हणाल्या होत्या. त्याने बोट टोचले, थेंब पट्टीला लावला. यंत्राने पाचपासून एकपर्यंत उलटे मोजले आणि तीनशे एक्क्याण्णव हा आकडा दाखवला. अंक मोठे असल्यामुळे ते मात्र त्याला दिसले. त्याने वही उघडली, पेन काढले आणि सवयीने वजाबाकी सुरू केली. तीनशे एक्क्याण्णवातून शेकडा पंधरा गेले, तीनशे बत्तीस. त्यातून शेकडा दहा, दोनशे नव्व्याण्णव. त्यातून पुन्हा शेकडा दहा, दोनशे एकोणसत्तर. इथे पेन थांबले. तिन्ही सवलती देऊनही आकडा सभ्य होत नव्हता.

त्याच्या उजव्या कुशीत, कंबरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला, चौदा महिन्यांपूर्वी सासूबाईंचे डावे मूत्रपिंड बसवण्यात आले होते. बायकोचे रक्त जुळले नव्हते, भाऊबहीण कुणी नव्हते, आणि आठवड्यातून तीनदा रक्त यंत्रातून गाळून घेण्याच्या दोन वर्षांत तो असा वाळला होता की वजनाच्या काट्यावर उभे राहायचीच त्याला लाज वाटे. तेव्हा सासूबाई, वय एकसष्ट, उंची जेमतेम पाच फूट, धंदा शिवणकाम, एका सकाळी गळ्यातली टेप गळ्यात तशीच ठेवून इस्पितळात गेल्या, डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “माझं माप घ्या.” त्याने हरकत घेतली. हरकत घेणे हा त्याचा स्वभावच होता, पण ह्या वेळी तो अंतःकरणापासून वाद घालत होता. घेणारा अठ्ठेचाळीसचा आणि देणारी एकसष्टची, हे गणित कुठल्याही न्यायात बसत नाही. उपकाराची परतफेड ज्याला शक्य नाही त्याने उपकार स्वीकारणे ही एक प्रकारची लबाडीच होय. असे मुद्दे त्याने क्रमाने मांडले. सासूबाईंनी ते सगळे ऐकून घेतले. “जावईबापू,” त्या म्हणाल्या, “तुम्ही वाद जिंका, मी ऑपरेशन करून घेते. दोघांचंही समाधान.” पुढे त्या आपल्या त्या अवयवाला धाकटी म्हणू लागल्या. दर रविवारी येत, खुर्चीत टेकण्याआधी विचारत, “माझी धाकटी काय म्हणते?” आणि लेकीच्या देखतच सांगत, “दोन दिल्यात तुम्हाला. थोरली तोंडाळ आहे, तिच्याबद्दल मी काही ऐकून घ्यायची नाही, ती विकून झाली. धाकटीची मात्र कागाळी यायला नको.” शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या सकाळी, नळी काढल्यावर, तो इस्पितळाच्या मोरीत भिंतीला हात टेकून उभा राहिला होता आणि दोन वर्षांनी प्रथमच स्वतःच्या मूत्राचा आवाज ऐकत होता. असल्या गोष्टीवर कुणी रडत नाही. जगात ह्या आवाजाइतके सामान्य दुसरे काय असेल? पण तो रडला होता, आणि दाराबाहेरून सासूबाईंचा, त्याही अजून ओणव्याच चालत होत्या, आवाज आला होता, “झालं का हो? माझीच आहे ती, लाजू नका.”

दहा महिने धाकटीने तक्रार केली नाही. अकराव्या महिन्यात त्याच्या शरीराने तिच्याशी किंचित कुरबूर केली. परके कोण आणि आपले कोण हा प्रश्न रक्ताने पुन्हा उकरून काढला. कुरबूर मिटवण्यासाठी स्टेरॉइडची मात्रा वाढवली गेली, ती मिटली, आणि तिच्या मागोमाग साखर आली. हे पुष्कळांना होते, बाई म्हणाल्या. नवा अवयव राखणाऱ्या गोळ्याच साखर वाढवतात. एका दाराने पाहुण्याला घरात ठेवायचे तर दुसऱ्या दाराने थोडा वारा येणारच. त्यांनी साखरेची एक गोळी दिली, वही ठेवायला सांगितली, आणि दुपारचे आकडे चढते दिसले तर लगेच इन्सुलिन सुरू करू असे बजावले. हे सारे तो सासूबाईंच्या घरी जाऊन नीट मुद्देसूद सांगत होता तेव्हा त्या शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. पायाखालची पायटी थांबली. सुई कापडात अर्धी रुतून राहिली. 

“माझ्यातूनच आली,” त्या म्हणाल्या.

“आई, गोळ्यांमुळे आलीय. बाईंनी स्पष्ट सांगितलंय.”

“आमच्या घरात मुरलेलीच होती ती. ह्यांची सात वर्षं काढली मी.”

सासऱ्यांना साखर होती. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटची दोन वर्षे सासूबाई त्यांच्या विजारीचा एक पाय दुमडून शिवत, म्हणजे तो रिकामा लोंबणार नाही. आकडे त्यांना तोंडपाठ झाले होते. सासूबाईंना साखर हा शब्द ऐकू आला म्हणजे स्वयंपाकघरातला डबा आठवत नसे.

“पण मामंजींचा आजार तुमच्या किडनीत कसा येईल?” तो म्हणाला. “ते तुमचे नवरे होते, वडील नव्हे. रक्ताचा संबंध नाही. तुमची स्वतःची साखर तीनदा तपासली, तीनदा स्वच्छ निघाली, नाहीतर त्यांनी तुम्हाला टेबलावर घेतलंच नसतं. हा तर्क कुठेच टिकत नाही.”

“तीस वर्षं एका ताटात जेवलो,” सासूबाई म्हणाल्या. “तुमचा तर्क तुम्ही धरा.”

त्याला आयुष्यात फार थोडे वाद हरल्याचे आठवत होते. ज्याच्यासमोर मुद्दाच नाही असा वाद मात्र तो पहिल्यांदाच हरला. पुढच्या रविवारी त्या आल्या त्या थेट वही मागत. चष्मा चढवून, बोटाने एकेक ओळ दाबत त्यांनी आठवड्याचे आकडे वाचले, आणि प्रत्येक आकड्यासरशी त्यांचा चेहरा थोडा थोडा मिटत गेला. त्या रात्री जेवल्या नाहीत, असे बायकोने दुसऱ्या दिवशी सांगितले. त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी यंत्राने एकशे अडुसष्ट दाखवले, आणि त्याचे पेन प्रथमच वहीच्या वर अधांतरी राहिले. घरगुती यंत्रात शेकडा पंधराची चूक मान्य असते, हे यंत्रासोबतच्या पत्रकावरच छापले होते. म्हणजे एकशे अडुसष्ट ह्याचा अर्थ एकशे त्रेचाळीस असूही शकत होता. त्याच्या खात्याचा सारा कारभारच ह्या तत्त्वावर उभा होता. निर्दोष तराजू पृथ्वीवर नाही; चूक मर्यादेत असली की तिला चूक म्हणायचे नाही, तिच्यावर शिक्का मारून तिला खरे म्हणायचे. त्याने एकशे त्रेचाळीस लिहिले. रविवारी सासूबाईंचे बोट त्या आकड्यावर थांबले, आणि त्यांनी सोडलेला श्वास त्याला टेबलापलीकडून ऐकू आला. “उतरतेय की हो,” त्या म्हणाल्या. चूक वरच्या बाजूलाही तितकीच असू शकते, म्हणजे एकशे अडुसष्ट हे एकशे त्र्याण्णवही असू शकते, हा विचार त्याला सुचला नाही असे नाही. तो त्याने तपासून बाजूला ठेवला.

आकडे चढत राहिले, आणि त्यांच्यामागे सवलती. दुसरी सवलत बोटावर राहिलेल्या फळाच्या अंशाची. हात धुतलेले असले तरी अंश राहू शकतो. तिसरी कामाच्या ताणाची. ताणाने साखर तात्पुरती वाढते हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. प्रत्येक सवलत सुटी पाहिली तर समर्थनीय होती. तिन्ही एकाच मापावर एकाच दिशेने घेणारा दुकानदार त्याच्या हाती सापडला असता तर त्याने त्याचे दुकान त्याच क्षणी बंद केले असते. आणि तरीही ह्या साऱ्यात त्याची एक विलक्षण सचोटी होती, आणि तिनेच त्याचा घात केला. बायकोला जर हे कळले असते तर तिने सरळ म्हटले असते, आईला दाखवायला एक वही ठेवा आणि डॉक्टरांना दुसरी. दुसऱ्या कुणीही हेच केले असते. पण दोन मापे ठेवणाऱ्याचा, एक गिऱ्हाईकासाठी आणि एक निरीक्षकासाठी, त्याला सव्वीस वर्षे मनस्वी तिटकारा होता. दोन वह्या म्हणजे फसवणूक. एक वही, मग तिच्यात काही का असेना, म्हणजे प्रामाणिकपणा. ह्या भेदावर तो अढळ राहिला, आणि महिन्याच्या महिन्याला तीच एक वही डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवत गेला. त्या पाने उलटत, “थोडी वर आहे, चालेल,” म्हणत, गोळी अर्धी वाढवत. इन्सुलिनचा विषय निघत नसे. मोरीत तो आवाज दिवसाकाठी पंधरा-वीस वेळा ऐकू येऊ लागला होता, आणि आता त्याला त्यात रडण्यासारखे काही वाटत नव्हते.

बसथांब्यावरून तो त्या दिवशी घरी गेला नाही. इस्पितळात शिरला तेव्हा पाच वाजून गेले होते, अंगात ताप होता, आणि नोंदणीच्या खिडकीतल्या बाईला स्वतःचे नाव सांगताना जीभ टाळूला चिकटत होती. पुढचे त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवते. हाताच्या शिरेतली थंड सुई. छताच्या दिव्याभोवतीचे लोकरीचे वलय. साखर चारशे आठ. मूत्रात जंतू, आणि ते वर चढून धाकटीपर्यंत पोचलेले. साखरेच्या पाण्यात ते सुखाने नांदतात, असे कुणीतरी कुणाला तरी सांगत होते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती मागे पडले ते सांगणारा आकडा, सव्वाच्या आतबाहेर असायचा तो दोन पूर्णांक चार. डॉक्टरीणबाई त्याच्या उशाशी वही घेऊन उभ्या होत्या आणि पाने पुढून मागे, मागून पुढे उलटत होत्या.

“काल एकशे शहाण्णव,” त्या म्हणाल्या. “परवा एकशे ब्याण्णव. दोनशेच्या वर एकदाही नाही. आणि आज चारशे? हे शक्य नाही. तुमचं यंत्र बिघडलेलं आहे. किती दिवसांपासून, देव जाणे. घरगुती यंत्रं कधी कधी असा दगा देतात.”

तो काही बोलला नाही. तापात माणसाने बोललेच पाहिजे असे नाही. यंत्र बिघडले असे तो म्हणाला नव्हता, त्या म्हणाल्या होत्या. त्याने फक्त ते ऐकले होते. हाही एक मुद्दा होता, आणि मुद्दा म्हणून तो निर्दोष होता. ज्या माणसाने हजारो यंत्रांची चौकशी केली, एकाही यंत्रावर पुराव्यावाचून ठपका ठेवला नाही, त्याने आपल्या पेटीतल्या त्या मुठीएवढ्या, निरपराध यंत्राला डोळ्यांदेखत दोषी ठरू दिले. त्याला एवढेच जाणवले की आपल्याला फार थंडी वाजते आहे. बायको शाळेच्या ग्रंथालयातून धावत आली, तिने वही पाहिली, बाईंचे ऐकले, आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, “अहो, तुम्ही इतकं नेमाने लिहीत होता, आणि त्या मेल्या यंत्रानं…”  तिच्या मागे सासूबाई उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या. “यंत्र मी आणलं होतं. दुकानदारानं दोन दाखवली, मी लहान घेतलं, ह्यांच्या पेटीत बसावं म्हणून.”

नऊ दिवसांनी त्याला घरी सोडले. ताप उतरला, जंतू गेले, दिवसातून चारदा इन्सुलिनची सुई सुरू झाली, डोळ्यांवरची लोकर हळूहळू विरघळली. क्रिएटिनिन खाली आले, पण एक पूर्णांक सातवर येऊन बसले ते तिथून हलेना. “इथेच थांबेल,” बाई म्हणाल्या. “जे गेलं ते गेलं. उरलेलं सांभाळायचं.” घरी त्याला सगळे काही नको इतके स्पष्ट दिसू लागले होते: टेबलाच्या लाकडातल्या रेषा, बायकोच्या कपाळावरची नवी आठी, इन्सुलिनच्या सुईचे तिरकस टोक. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी, बायको कामावर गेल्यावर, सासूबाई आल्या. त्यांनी धाकटीची चौकशी केली नाही. पिशवीतून दोन यंत्रे काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडली. एक जुने, एक नवे कोरे.

“दुकानदाराशी भांडून आणलं,” त्या म्हणाल्या. “तो म्हणतो, आजी, जुनं बरोबर आहे. म्हटलं, तू जन्माला यायच्या आधीपासून मी टेप हातात धरतेय, मला माप शिकवू नकोस. दे दुसरं. दिलं त्यानं.”

“मग?”

“मग घरी जाऊन दोन्हींवर माझी बघितली. एकशे चार आणि एकशे सहा. म्हटलं योगायोग असेल. शेजारणीची घेतली, ती नको नको म्हणत होती. तिच्या नवऱ्याची घेतली. तो तर ओरडलाच. तीन दिवस घेतेय. दोन्ही यंत्रं एकच सांगतात.” त्यांनी डाव्या हाताची बोटे त्याच्यापुढे धरली. शिवणाऱ्या बाईच्या बोटांवर सुईच्या खुणा असतातच, पण ह्या नव्या होत्या, ओळीने होत्या, आणि त्याच्या स्वतःच्या बोटांवर जशा होत्या तशा होत्या. “म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं. तुम्ही वहीत लिहायला चुकणार नाही. तुम्ही मामाला सोडलं नाहीत. यंत्र खरं, वही खरी. मग राहिलं काय? एका दुपारी साखर एकशे शहाण्णव असते आणि दुसऱ्या दुपारी एकाएकी चारशे होते, तर दोष आतल्याच वस्तूत. माझीच वाईट निघाली. तेव्हाच म्हटलं होतं मी तुम्हाला.”

ह्या अनुमानात एकही फट नव्हती. जी गृहीते सासूबाईंना मिळाली त्यांतून त्या बरोबर तिथेच पोचल्या होत्या जिथे कोणताही विचारी माणूस पोचला असता. त्यांना दुःख नको म्हणून त्याने जे केले त्यानेच ते दुःख आता सिद्ध करून त्यांच्या हाती दिले होते, आणि ह्या वेळी त्यांच्याकडे तर्कही होता. त्याने तोंड उघडले. आधी त्याला वाटले आपण यंत्रातल्या चुकीच्या मर्यादेविषयी बोलणार आहोत. वाक्याची सुरुवात तशी तयारही होती.

“वही खरी नाही,” तो म्हणाला.

सासूबाईंनी यंत्रांवरून नजर उचलली.

मग त्याने सांगितले. शेकडा पंधरा, मग शेकडा दहा, मग पुन्हा शेकडा दहा. फळाचा अंश. ताण. पत्रकावर छापलेली मर्यादा. तो सवयीने एकेक कारण समजावत गेला, आणि प्रत्येक कारण उच्चारताच त्याला ते टेबलावर पडताना दिसले, हलके आणि पोकळ. तुमच्यासाठी केले, हे त्याने म्हटले नाही. म्हणायची गरज नव्हती. सासूबाईंना ते कळले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि त्यामुळे तो चेहरा अधिकच मिटला होता.

“आम्ही कपडा शिवताना आत माया सोडतो,” त्या म्हणाल्या. “दोन बोटं, तीन बोटं. पुढे अंग वाढलं तर असावी म्हणून. पण ती शिवणीच्या आत असते. बाहेरचं माप खरंच ठेवावं लागतं, जावईबापू, नाहीतर माणूस त्यात मावत नाही. हे तुम्हाला मी सांगायचं?”

“नाही.”

“मी रविवारी वही वाचून घरी जायची आणि पोटभर जेवायची.” त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. “उद्या बाईंकडे जायचं. मी येणार बरोबर. तुम्ही सांगायचं, मी नुसती बसणार.”

“हो.”

“आता वाचा.”

“काय?”

“खरे. पहिल्यापासून.”

त्याने निळी वही पुढ्यात ओढली. उलटे गणित त्याला अवघड नव्हते. भाग देत गेले की मूळ आकडा कुठेही हरवलेला नसतो, तो खोट्याच्या आत जसाच्या तसा बसलेला असतो. त्याने तारीख वाचली, लिहिलेला आकडा वाचला, मग खरा वाचला. एकशे त्रेचाळीस, खरा एकशे अडुसष्ट. एकशे एक्कावन्न, खरा एकशे अठ्ठ्याहत्तर. सासूबाईंनी डोळे मिटले होते आणि ओठांनी प्रत्येक खरा आकडा पुन्हा म्हणत होत्या. ह्या आकड्यांशी त्यांची जुनी ओळख होती. कोणता कोणत्या वाटेने येतो आणि जाताना काय घेऊन जातो हे त्यांना माहीत होते.

“एकशे पासष्ट,” तो म्हणाला. “खरा दोनशे चाळीस.”

“ह्याला तहान लागते.”

“लागायची.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. पाणी फार पिता म्हणून.”

“ऊन आहे म्हणालो.”

“हो. ऊन आहे म्हणालात.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी लोखंडी फाटक ओढून घेतले. त्याने आणखी चार ओळी वाचल्या. पाचवीवर सासूबाईंनी डोळे न उघडता विचारले, “माझी आता किती उरलीय?”

हे त्याला डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. बायकोला त्याने अजून सांगितले नव्हते. “शंभरातले पंचेचाळीस.”

“आधी?”

“सत्तर.”

त्यांनी मनात वजा केले. ते करायला त्यांना फारसा वेळ लागायला नको होता, पण लागला.

“गेलेले यायचे नाहीत ना?”

“नाही.”

सासूबाईंनी मान हलवली. दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले, टोचलेली बोटे आत वळवून घेतली, आणि खुर्चीत पाठ सरळ केली, एखादे लांब काम पुरे करायला बसतात तशी.

“पुढे वाचा,” त्या म्हणाल्या.